नळीवरचे नाव आणि दस्त्याचे माप

डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच बंदुका बाळगता येतील, अशी मर्यादा आली. ज्यांच्याकडे तीन होत्या, त्यांना तिसरी एका वर्षाच्या आत जमा करणे किंवा रीतसर दुसऱ्याच्या नावावर करणे भाग पडले. त्या वर्षात अनेक जुन्या घरांतल्या लाकडी पेट्या कित्येक वर्षांनी उघडल्या गेल्या. माझ्या वडिलांचे एक स्नेही सातारा जिल्ह्यातल्या एका गावी जुन्या वाड्यात राहतात. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. त्यांच्याकडे बारा बोअरची एक दुनळी, .२२ ची एक हलकी रायफल आणि .२७५ ची एक बोल्ट रायफल, म्हणजे प्रत्येक बारानंतर हाताने दांडा ओढून नवे काडतूस भरायची रायफल, अशी तीन शस्त्रे होती. मी बरीच वर्षे पुण्यात रायफल नेमबाजी करतो, माझ्या परवान्यावर एक जागा रिकामी होती, आणि आबांना बोल्ट रायफल विकायची होती. तिच्या नळीवर लंडनच्या एका नामांकित निर्मात्याचे नाव आणि पत्ता कोरलेला होता. त्या नावाकडे पाहून कोणीतरी साडेतीन लाख रुपये देऊ केले होते. आबांचे म्हणणे असे होते की परक्याला देण्यापेक्षा घरच्या माणसाला द्यावी. मात्र तिची खरी किंमत काय, ते मी आधी पाहून सांगावे.

त्या निर्मात्याचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण पुढे जे निघाले त्यात त्याचा काहीही दोष नाही. परंतु त्या दोन दिवसांत, आणि नंतरच्या काही महिन्यांत, घडवून घेतलेल्या रायफलीकडे कसे पाहावे हे मला जितके कळले, तितके त्याआधीच्या सगळ्या वाचनातून कळले नव्हते. अस्सल की नक्कल, असा एकच प्रश्न विचारून अशा शस्त्राचे उत्तर मिळत नाही. नळी कोणाची, बोल्ट आणि त्याचे घर म्हणजे ॲक्शन कोणाची, दस्ता म्हणजे लाकडी भाग कोणी आणि कोणासाठी घडवला, नक्षी केव्हाची, हे प्रश्न स्वतंत्रपणे विचारावे लागतात, आणि त्यांची उत्तरे एकमेकांशी जुळतात का, ते त्यानंतर पाहावे लागते.

घडवून घेतलेली रायफल म्हणजे नेमके काय, हे आधी स्पष्ट करायला हवे. लंडन आणि बर्मिंगहॅममध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या पहिल्या चाळीस वर्षांत ज्या उत्तम रायफली झाल्या, त्यांतली क्वचितच एखादी एकाच माणसाच्या हातची असेल. नळी बनवणारा वेगळा, ॲक्शन घासून बसवणारा वेगळा, दस्ता घडवणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा आणि शेवटी सगळे जुळवून तपासणारा वेगळा, अशी ती कारागिरांची साखळी असे, आणि त्यांतले अनेकजण स्वतःच्या घरी किंवा लहान खोलीत बसून एकाच वेळी तीन-चार पेढ्यांचे काम करीत. नळीवर जे नाव येई ते त्या साखळीची जबाबदारी घेणाऱ्या पेढीचे. काही पेढ्या तर केवळ विक्रेत्या होत्या. आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सने १८९१ मध्ये मुंबईत शाखा उघडली. काळा घोड्याजवळची त्यांची इमारत आजही उभी आहे. त्यांच्या नावाच्या बंदुका वेब्ली अँड स्कॉटसारख्या कारखान्यांतून बनून येत. कलकत्त्याच्या मॅन्टन आणि रॉडा या पेढ्यांचेही तसेच होते. रॉडा हे नाव आपल्याला वेगळ्या कारणाने ठाऊक असते: ऑगस्ट १९१४ मध्ये बंगालच्या क्रांतिकारकांनी त्यांच्याकडे आलेली पन्नास माउझर पिस्तुले आणि ४६,००० काडतुसे पळवली होती. म्हणून ‘रॉडा, कलकत्ता’ असे कोरलेले दिसले की ती नक्कल ठरत नाही, आणि ती रॉडाच्या कारखान्यात घडली असेही ठरत नाही. विक्रेत्याचे नाव आणि घडवणाऱ्याचे नाव हे दोन वेगळे पुरावे आहेत. खरेदी करणारे नव्वद टक्के वेळा इथेच गोंधळतात, असे माझे निरीक्षण आहे.

मला हे काम शिकवले ते पुण्यातल्या एका वृद्ध बंदूक मिस्त्रींनी. ते आता हयात नाहीत. रायफल हातात आली की ते आधी चष्मा काढून ठेवीत आणि बोटांनी चाचपत. दस्त्याचे लाकूड आणि पोलाद जिथे मिळतात तिथे अंगठा फिरवायचा, ही त्यांची पहिली पायरी होती. चांगला कारागीर लाकूड पोलादापेक्षा केसभर उंच ठेवतो, कारण पुढच्या काळात तेलपाणी करताना ते थोडे झिजणार असते. लाकूड जर पोलादाच्या खाली गेलेले असेल, तर कोणीतरी पॉलिश पेपरने तो दस्ता घासला आहे, असे समजावे. त्यानंतर चेकरिंग, म्हणजे पकडीसाठी कोरलेली तिरप्या रेघांची जाळी. इंचाला वीसपासून अठ्ठावीसपर्यंत रेघा असतात, आणि उत्तम कामात पहिल्या रेघेपासून शेवटच्यापर्यंत अंतर ढळत नाही. जाळी कडेला जिथे संपते तिथे छिन्नी पुढे निसटून गेल्याच्या खुणा दिसल्या, तर हात कच्चा होता. त्यानंतर स्क्रू. इंग्रजी कामात स्क्रूच्या खाचा पूर्ण आवळल्यावर नळीच्या रेषेत उभ्या राहाव्यात, अशा बेताने बसवलेल्या असतात. एकही खाच तिरपी असेल किंवा तिच्या कडा फुटलेल्या असतील, तर ती रायफल चुकीच्या पेचकसाने उघडली गेली आहे; आणि ज्याने चुकीचा पेचकस वापरला, त्याने आत आणखी काय केले असेल, याची शंका घेणे रास्त आहे.

आबांच्या रायफलीचा दस्ता पाहून मी पहिल्या पाच मिनिटांतच थक्क झालो होतो. लाकूड अक्रोडाचे होते, दस्त्याच्या मनगटाजवळ, म्हणजे हाताने धरायच्या बारीक भागाजवळ, रेषा नळीला समांतर वळलेल्या होत्या आणि मागे कुंद्याकडे, म्हणजे खांद्याला टेकणाऱ्या टोकाकडे, जाताना त्या धुरासारख्या पसरत होत्या. मनगटाच्या जागी रेषा आडव्या गेल्या तर धक्क्याने दस्ता तिथेच चिरतो, म्हणून लाकडाचा ठोकळा निवडतानाच हा विचार करावा लागतो, आणि तो इथे कोणीतरी केला होता. जाळी सरळ होती. मात्र गालाला टेकायचा उंचवटा उजव्या बाजूला होता. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा गाल दस्त्याच्या डाव्या बाजूला येतो. ही गोष्ट मी तेव्हा नोंदवून ठेवली आणि पुढे गेलो.

नाव कोरण्याची पद्धत तपासायला मी भिंग वापरतो. शंभर वर्षांच्या अक्षरांच्या तळाशी काळपट थर बसलेला असतो, आणि आजूबाजूचे पोलाद जसे हाताळून गुळगुळीत झालेले असते तशाच त्या अक्षरांच्या कडाही बोथट झालेल्या असतात. नळी कधीकाळी घासली गेली असेल तर अक्षरे उथळ होतात, कधी अर्धी पुसली जातात. आबांच्या रायफलीत उलटे होते. नळीच्या वरच्या बाजूला पावसाळी हवेने पडलेले गंजाचे बारीक खड्डे होते, आणि अक्षरांच्या रेघा त्या खड्ड्यांमधून आरपार गेल्या होत्या. खड्डा आधीचा, अक्षर नंतरचे. हा एवढा एक पुरावा पाहिल्यावर मला उरलेला दिवस जड गेला, कारण आबा समोरच बसले होते आणि चहा थंड होतो आहे याची आठवण करून देत होते.

परंतु एका पुराव्यावर निकाल देऊ नये, हेही मिस्त्रींचेच सांगणे होते. एखाद्या जुन्या मालकाने पुसट झालेले खरे नाव पुन्हा कोरून घेतलेले असू शकते, तसे होतेही. म्हणून आबांची परवानगी घेऊन, आणि शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या एका कारागिराला सोबत घेऊन, आम्ही दुसऱ्या दिवशी नळी दस्त्यातून बाहेर काढली. रायफलीची जन्मपत्रिका दस्त्याखाली झाकलेली असते. इंग्लंडमध्ये प्रत्येक नळीला विक्रीपूर्वी वाजवीपेक्षा जास्त दाबाचा बार उडवून तपासणे कायद्याने बंधनकारक आहे; लंडनच्या गनमेकर्स कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली आणि बर्मिंगहॅमचे प्रूफ हाउस, म्हणजे अशी तपासणी करून नळीवर ठसा मारणारी संस्था, १८१३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झाले. लंडनचा ठसा म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली ‘जीपी’ ही अक्षरे, आणि विसाव्या शतकातला बर्मिंगहॅमचा म्हणजे मुकुटाखाली ‘बीपी’ आणि ‘बीव्ही’. १९५४ पूर्वीच्या इंग्रजी रायफलींवर कॉर्डाइट दारूचे कमाल वजन आणि गोळीचे वजनही ठोकलेले सापडते. त्यावरून रायफल मुळात कोणत्या काडतुसासाठी बनली हे कळते, आणि आजचे चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसण्याची जागा, त्याच्याशी जुळत नसेल तर मध्ये बदल झाला आहे हेही कळते. जर्मन ठशांत मुकुटाखाली ‘बी’, ‘यू’, ‘जी’, ‘एन’ अशी एकेक अक्षरे येतात. बेल्जियममधल्या लिएजच्या प्रूफ हाउसची परंपरा १६७२ पासूनची आहे आणि त्यांचा ठसा म्हणजे अंडाकृतीत ‘ईएलजी’.

आबांच्या नळीवर, लाकडाने झाकल्या जाणाऱ्या भागात, ‘ईएलजी’ स्वच्छ दिसत होते. लंडन किंवा बर्मिंगहॅमचा एकही ठसा नव्हता. लंडनच्या उत्तम पेढीच्या दुकानातून नवी म्हणून बाहेर पडलेल्या रायफलीवर इंग्रजी प्रूफ ठसा नसणे, याचे समाधानकारक कारण मला सापडले नाही. त्यानंतर ॲक्शन पाहिली. ती माउझर ९८ पद्धतीची होती, आणि हे स्वाभाविक होते, कारण नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ इथल्या माउझर कारखान्याच्या ॲक्शनवरच जगातल्या बहुतेक उत्तम बोल्ट रायफली घडल्या आहेत. मात्र ॲक्शनच्या डाव्या भिंतीत, लष्करी रायफलीत अंगठ्याने काडतुसे आत ढकलण्यासाठी जी खाच असते, ती वेल्डिंगने भरून घासलेली होती, आणि वरच्या कड्यावर जिथे लष्करी चिन्ह असते तिथला भाग किंचित सपाट झाला होता. पहिल्या महायुद्धानंतर उरलेल्या लष्करी माउझर ॲक्शन स्वस्तात मिळत आणि त्यांवर शिकारीच्या रायफली घडवल्या जात. त्यात फसवणूक काहीच नाही. अनेक सचोटीच्या कारागिरांनी तसे उघडपणे केले आहे. चिंता वेगळी असते. या ॲक्शनचे पोलाद वरून कठीण आणि आतून चिवट राहील अशा पद्धतीने त्याला पाणी दिलेले असते, आणि वेल्डिंगची उष्णता चुकीच्या जागी पोहोचली तर ते पाणी उतरते. खाच मागच्या बाजूला असल्याने धोका कमी, पण तपासल्याशिवाय बार उडवू नये.

इथे एक वळण घेतो, कारण ते माझ्या भाच्याच्या जिवाशी संबंधित होते. तो अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात राहतो आणि तिथे त्याला जुन्या, मागणीनुसार घडवलेल्या रायफलींचा छंद लागला आहे. १९२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या ग्रिफिन अँड हाउसारख्या पेढ्यांनी स्प्रिंगफील्ड १९०३ या लष्करी रायफलीच्या ॲक्शनवर फार सुंदर कामे केली, आणि त्यांची पद्धत पाहून इतर अनेकांनीही केली. भाच्याने मला एकीची छायाचित्रे पाठवली. लाकूड देखणे, नक्षी नाजूक, किंमत वाजवी. मी त्याला फक्त ॲक्शनवरचा क्रमांक विचारला. स्प्रिंगफील्ड कारखान्यातल्या ८,००,००० च्या खालच्या आणि रॉक आयलंड कारखान्यातल्या २,८५,५०७ च्या खालच्या क्रमांकाच्या ॲक्शनना पाणी देताना तापमानाचा अंदाज कारागीर डोळ्यांनी घेत, आणि त्यांतल्या काही इतक्या ठिसूळ निघाल्या की बार उडताना फुटल्या. त्याने पाठवलेला क्रमांक त्या मर्यादेच्या खालचा होता. तशी रायफल काचेच्या कपाटात ठेवायला घ्यावी की नाही हा आवडीचा प्रश्न आहे. पण चालवायच्या रायफलीची किंमत म्हणून ती रक्कम देऊ नये, असे मी त्याला निक्षून सांगितले, आणि त्याने ऐकले.

नावांच्या चोरीचा इतिहासही जुना आहे. बेल्जियममध्ये ‘डब्ल्यू. रिचर्ड्स’ अशा नावाच्या बंदुका मोठ्या संख्येने बनल्या. १८१२ पासून बर्मिंगहॅममध्ये प्रतिष्ठा कमावलेल्या वेस्टली रिचर्ड्सशी गिऱ्हाइकाने गल्लत करावी, हाच त्यामागचा हेतू. खऱ्या पेढ्यांचे पत्तेही उपयोगी पडतात. लंडनच्या रिग्बी पेढीचे उदाहरण घ्या: त्यांच्या नळ्यांवर आधी ‘७२ सेंट जेम्सेस स्ट्रीट’ आणि नंतर ‘४३ सॅकव्हिल स्ट्रीट’ असे पत्ते येतात. पत्ता एका काळाचा, अनुक्रमांक दुसऱ्या काळाचा आणि काडतूस तिसऱ्या काळाचे असेल, तर थांबावे. .४१६ रिग्बी हे काडतूस १९११ मध्ये आले, लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड पेढीचे .३७५ मॅग्नम १९१२ मध्ये. त्याआधीच्या म्हणून सांगितलेल्या रायफलीत ते चेंबर असेल, तर नळी नंतर बदलली आहे. भारतापुरती आणखी एक खूण आहे. १९०७ च्या सुमारास सरकारने .४५० व्यासाच्या रायफली भारतात आणण्यास मनाई केली, कारण बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलींसाठी त्या गोळ्या वापरल्या जातील अशी धास्ती होती. त्यामुळेच .४६५, .४७० आणि .४७५ यांसारखी नवी काडतुसे निघाली. म्हणून ‘हे .४५० संस्थानिकांनी १९१० मध्ये लंडनहून मागवले’ असे कोणी सांगितले, तर कागद दाखवण्याची विनंती नम्रपणे करावी.

संस्थानिकांचा उल्लेख आलाच आहे, तर त्याबद्दल स्पष्ट लिहितो. कोल्हापूर, बडोदा, ग्वाल्हेर, इंदूर या मराठी संस्थानांनी विलायतेहून उत्तमोत्तम शस्त्रे मागवली, यात शंका नाही. परंतु बाजारात ‘महाराजांची रायफल’ म्हणून जेवढ्या फिरतात, तेवढ्या खरोखरच मागवल्या गेल्या असत्या तर लंडनचे कारागीर दुसऱ्या कोणाचे काम करूच शकले नसते. दस्त्यावर सोन्याचे राजचिन्ह बसवणे हे एका दुपारचे काम आहे. मालकी सिद्ध होते ती साखळीने. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल सर जॉन ह्यूएट यांनी .२७५ रिग्बी भेट दिली. तिच्या दस्त्यावर चांदीची पट्टी आहे. तशी पट्टी कोणीही करून बसवील. त्या रायफलीबद्दल शंका उरत नाही ती अशासाठी की कॉर्बेट यांच्याकडून ती त्यांच्या प्रकाशकांकडे, म्हणजे ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे, आणि तिथून पुन्हा रिग्बी पेढीकडे गेली. मधला दुवा कुठे तुटलेला नाही. आपल्या घरातल्या शस्त्राच्या बाबतीत हाच दुवा म्हणजे जुना परवाना, विक्रेत्याची पावती, आजोबांच्या नावावरून वडिलांच्या नावावर झालेली नोंद. लोक रायफल जपतात आणि हे कागद रद्दीत घालतात, याचे मला मनापासून दुःख होते. जुन्या इंग्रजी पेढ्यांपैकी अनेकांनी आपल्या नोंदवह्या सांभाळल्या आहेत; अनुक्रमांक कळवला की ती रायफल कोणत्या वर्षी, कोणत्या काडतुसासाठी आणि कोणासाठी घडली याचे पत्र शुल्क घेऊन मिळू शकते. लाखांचा व्यवहार करताना हे शुल्क वाचवू नये. आम्ही ते भरले. उत्तर यायला वेळ लागला आणि ते अपेक्षेप्रमाणेच होते: आबांच्या रायफलीवरचा क्रमांक त्या पेढीच्या वहीत एका दुनळी शॉटगनचा होता.

किंमत ठरवताना लोक सगळ्यात मोठी चूक करतात ती विक्रीपूर्वी शस्त्र ‘नवे’ करून घेण्याची. हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो. माझ्या दिवंगत मामांची एक इंग्रजी दुनळी मी तरुणपणी एका दुकानात पॉलिश आणि ब्लूइंगसाठी दिली. जुने ब्लूइंग हे प्रत्यक्षात सावकाश गंजवून, उकळून आणि घासून आणलेला रंग असतो. त्याला दिवसचे दिवस लागतात. त्या दुकानाने नळ्या कॉस्टिकच्या उकळत्या क्षारांत बुडवल्या. दोन नळ्यांना जोडणारी पट्टी कथलाच्या डागाने बसवलेली असते आणि ते क्षार हा डाग खातात. बंदूक काळीभोर चकाकत परत आली. सहा महिन्यांनी पट्टी सुटू लागली आणि तिच्याखाली अडकलेल्या क्षारांनी पोलाद पोखरले. आज नळ्या टांगून नखाने टिचकी मारली तर घंटेसारखा नाद येण्याऐवजी बद्द आवाज येतो. नक्षीच्या कडा पॉलिशच्या चाकाखाली वितळल्यासारख्या झाल्या आहेत. मामांच्या हाताने झिजलेला करडा रंग मी पैसे देऊन पुसून टाकला. मूळ झीज असलेली बंदूक नव्याने चकाकवलेल्या बंदुकीपेक्षा नेहमीच अधिक मोलाची, हे वाक्य मला तेव्हा कोणी सांगितले असते तर बरे झाले असते.

नळीच्या आतला भाग दिव्यासमोर धरून पाहण्यात फार वेळ लागत नाही, पण तो पाहिल्याशिवाय एक रुपयाही बोलू नये. आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, धारदार आहेत का, कुठे काळे वर्तुळ दिसते का, हे पाहावे. वर्तुळ म्हणजे नळी तिथे फुगली आहे. चेंबरचा साचा काढून मापावा. काडतुसे मिळतात का, हेही विचारावे. भारतात .३१५ च्या रायफलीसाठी खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘८ एमएम केएफ’ ठशाची काडतुसे मिळतात; .२७५ रिग्बी म्हणजे मूळचे ७ × ५७ माउझरच, आणि त्याची काडतुसे आयात केलेली, महाग आणि दुर्मीळ. मोठ्या दुनळी रायफलींची तर गोष्टच निराळी: त्यांच्या दोन्ही नळ्या एकाच विशिष्ट काडतुसाने एकाच बिंदूवर लागाव्यात अशा जुळवलेल्या असतात, आणि ते काडतूस नसेल तर ती जुळणी निरुपयोगी ठरते.

कायद्याबद्दल थोडक्यात. अनुक्रमांक खोडलेले किंवा ओळखचिन्ह नसलेले शस्त्र घेणे आणि देणे हा शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे. तिथे अस्सलपणाची चर्चाच संपते. खासगी मालकाने दुसऱ्या परवानाधारकाला शस्त्र देण्यापूर्वी जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. परवान्यातला क्रमांक, ॲक्शनवरचा क्रमांक आणि नळीवरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहावेत. आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे शिकारीचा विषय संपलेला आहे. आज अशी रायफल घेणाऱ्याने ती कारागिरीसाठी, नेमबाजीसाठी किंवा घराण्याच्या आठवणीसाठी घ्यावी.

आबांना सांगायचे कसे, हा प्रश्न उरला. मी त्यांच्यापुढे सगळे जसेच्या तसे ठेवले: नळी बेल्जियमची, ॲक्शन लष्करी, नाव नंतर कोरलेले, साडेतीन लाख घेणे म्हणजे घेणाऱ्याला फसवणे. नाव केव्हा आणि कोणी कोरले, हे कळायला मार्ग नाही. आबांच्या वडिलांनी ती दुसऱ्या मालकाकडून घेतली होती, एवढे जुन्या परवान्यावरून दिसत होते. आबा बराच वेळ गप्प होते. मग मी दस्त्याबद्दल बोललो. तो लंडनचा नव्हता हे नक्की, कारण आतली खोदाई आपल्याकडच्या चपट्या छिन्नीची होती आणि कुंद्याच्या पट्टीचे स्क्रू हाताने कातलेले होते. पण ज्याने तो घडवला त्याला लाकूड कळत होते आणि त्याने तो एका विशिष्ट माणसासाठी घडवला होता. दस्ता नळीच्या रेषेपासून डावीकडे वळवलेला होता, लांबी नेहमीपेक्षा जवळजवळ पाऊण इंच जास्त होती आणि गालाचा उंचवटा उजवीकडे होता. “आबा, हा उंच आणि डावखुऱ्या माणसाचा दस्ता आहे,” मी म्हणालो.

आबा उठून आत गेले आणि भिंतीवरचे छायाचित्र काढून घेऊन आले. त्यात त्यांचे वडील अंगणात उभे होते, सहा फुटांचे, रायफल डाव्या खांद्याला लावून. “दादा जेवायलासुद्धा डावा हात पुढे करायचे, आजी ओरडायची,” आबा म्हणाले. “म्हणजे ही त्यांच्यासाठीच केलेली.”

“दस्ता त्यांच्यासाठीच केलेला. त्यात मला शंका नाही.”

त्यांनी दुनळी विकली आणि ही ठेवली. मी एका कागदावर तिचे पूर्ण वर्णन लिहून दिले आहे: प्रत्येक ठसा, प्रत्येक माप, नाव नंतर कोरल्याचा स्पष्ट उल्लेख, आणि दस्त्याच्या कामाबद्दल माझे मत. तो कागद, जुना परवाना आणि छायाचित्राची प्रत त्यांनी पेटीच्या झाकणात ठेवली आहे, म्हणजे पुढच्या पिढीत कोणी ती विकायला काढली तर खोटे बोलण्याची गरज पडणार नाही. दस्ता घडवणाऱ्याचे नाव मात्र अजून सापडलेले नाही. कुंद्याच्या पट्टीखाली, लाकडावर, पेन्सिलीने मोडीत दोन अक्षरे आणि एक आकडा आहे. अक्षरे पुसट आहेत, मला ती ‘गो’ आणि ‘ल’ अशी वाटतात. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळात सातारा, कऱ्हाड किंवा कोल्हापूर भागात बंदुकीचे दस्ते घडवणाऱ्या सुतारांची किंवा मिस्त्रींची माहिती कोणाच्या घरी असेल, तर ती मला जरूर कळवावी.